दहा बावन्नची नोंद

“तुम्हाला उद्या एकच वाक्य बोलायचंय,” वकीलबाई म्हणाल्या. “सही केली तेव्हा मला माहीत नव्हतं. बस. त्याच्या पुढे काही नको, मागे काही नको.”

“माहीत नव्हतं,” मीटरवाले म्हणाले.

“जरा ठाम.”

“ठाम म्हणजे कसं?”

“म्हणजे ऐकणाऱ्याला तुमची कीव येऊ नये, असं.”

मीटरवाल्यांनी परत म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळेला ते आणखीच पडेल निघालं. वकीलबाईंनी नाद सोडला. शेजारी बसलेली टाचणी खिडकीबाहेर बघत होती. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण अंगाने काडी आणि जिभेने टोकदार म्हणून मीटरवाल्यांच्या बायकोने दुकानात कामाला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला टाचणी केलं, आणि बावीस वर्षांत दुसरं नाव कुणाला सुचलं नाही.

“आणि ती वही उद्या घरी ठेवा,” वकीलबाई उठता उठता म्हणाल्या.

मीटरवाल्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

“मी काही पाहिलेलं नाही. पाहणारही नाही. फक्त घरी ठेवा.”

मीटरवाल्यांनी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले होते. तेव्हापासून खिशात छोटी वही आणि पेन्सिल असायचीच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हात सुटला नव्हता. दूध किती वाजता आलं, दिवे किती वाजता गेले, कुणाचा फोन आला, सगळं वेळेसकट वहीत. बायको म्हणायची, “अहो, तुम्हाला शिंक आली ते राहिलं बघा लिहायचं.”

खात्यात त्यांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. आकडा डोळ्याने बघितल्याशिवाय लिहायचा नाही. घर बंद असेल तर मागच्या महिन्यावरून अंदाज बांधायचा नाही. समोर ‘कुलूप’ एवढंच लिहायचं, आणि आठ दिवसांच्या आत परत जाऊन खरा आकडा आणायचा. बरोबरचे लोक चहाच्या टपरीवर बसून अख्ख्या गल्लीचे आकडे लिहून मोकळे व्हायचे. मीटरवाल्यांना ते कधी जमलं नाही. त्यावरून त्यांची पुष्कळ टिंगल झाली, बढतीही हुकली.

बायकोचा धंदा धार लावायचा. कात्र्या, सुऱ्या, वस्तरे, शिंप्यांपासून खाटकांपर्यंत सगळ्यांचं पोट तिच्या दगडावर. दुकान तिच्या वडिलांचं. म्हाताऱ्याने मरायच्या आधी सांगून ठेवलं, घर मुलाला आणि दुकान मुलीला, आणि तशीच वाटणी झाली. मुलगा धाकटा. त्याला धार येत नव्हती, हिला येत होती, एवढा साधा हिशोब. तिने मग मोटरवर फिरणारी दोन यंत्रं आणली, पण कोपऱ्यातलं बापाचं दगडी चाक काही हलवलं नाही. पायाखालची फळी दाबली की ते फिरायचं, वर टांगलेल्या डब्यातून दगडावर थेंब थेंब पाणी पडायचं. न्हाव्यांच्या नाजूक कात्र्या ती त्याच्यावरच करायची. मोटरवर लोखंड तापतं आणि पाण्याखाली तापत नाही, असं तिचं म्हणणं. कात्री झाली की ओल्या चिंधीवर चालवून बघायची. चिंधी सरळ कापली गेली तर गिऱ्हाइकाला द्यायची. चिंधी चावली तर परत दगडावर.

चाळीस वर्षं दगडाची पूड नाकातोंडात गेली. फुप्फुसं कामातून गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तोंडाला फडकं बांधत नव्हतात का? ती म्हणाली, “फडकं बांधून गिऱ्हाइकाशी भांडायचं कसं?”

मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात पडल्या पडल्या तिने ठरवलं की दुकान टाचणीला द्यायचं. फुकट नाही, रीतसर विकत. तिने वकीलबाईंना खाटेपाशी बोलावलं. त्यांनी सांगितलं की दुकान वडिलांकडून आलेलं आहे, मूल नाही, म्हणजे तुमच्यामागे ते यांच्याकडे न येता तुमच्या भावाकडे जाईल. मृत्युपत्र केलंत तर तो त्यावर भांडत बसेल. हयातीतच विक्री करून टाका.

“मला खाटेवरून उठवत नाही, कचेरीत कशी जाऊ?”

“यांना मुखत्यार करा. तुमच्या वतीने हे सही करतील.”

वकीलबाईंनी मग दोघांनाही समजेल असं सांगितलं. मुखत्यार म्हणजे तुमचा हात. हाताने आपल्या मनाने काही करायचं नाही. सांगितलं तेवढंच करायचं, जास्त नाही आणि कमीही नाही. आणि माणूस गेला की हातही गेला. हा कागद तुम्ही आहात तोवर.

“म्हणजे मी आहे तोवरच यांना किंमत,” बायको मीटरवाल्यांकडे बघून म्हणाली. “आता समजलं का? मी कधीपासून सांगत होते.”

तिला हसताना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. मुखत्यारपत्रावर तिने दोन दमात सही केली.

नोंदणी कचेरीत सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, मंगळवारची. सोमवारी संध्याकाळी मीटरवाले खाटेपाशी बसले होते. तिच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलायचं असलं की ती तो वर करायची, चार शब्द बोलायची, परत खाली. तिने दोन गोष्टी सांगितल्या आणि मीटरवाल्यांनी दोन्ही वहीत लिहून घेतल्या.

पहिली चाकाची. वकीलबाईंच्या कारकुनाने दुकानातल्या सामानाची यादी खरेदीखताला जोडली होती. यंत्रं, टेबलं, दगड, आणि सातव्या नंबरला जुनं चाक. ते यादीतून काढायला सांगा, ती म्हणाली. ते धाकट्याला द्यायचं.

दुसरी गोष्ट तिने मास्क खाली ठेवूनच सांगितली, म्हणून त्यांना कान जवळ न्यावा लागला. “उद्या कुणाचाही फोन आला तरी सही होईपर्यंत उचलायचा नाही.”

“कुणाचा म्हणजे?”

“कुणाचाही. इथला आला तरी.”

मीटरवाल्यांची पेन्सिल थांबली. तिने त्यांच्या मनगटावर बोट वाजवलं, लिहा म्हणून. त्यांनी लिहिलं.

मंगळवारी कचेरीत गर्दी होती. भिंतीवर नंबर दिसणारी पाटी होती आणि ती चाळिसावर येऊन बसली होती. मीटरवाल्यांचा त्रेचाळीस. टाचणी इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि बसताना चुरगळू नये म्हणून उभीच होती. वकीलबाईंचा कारकून यायला थोडा वेळ होता. यादीतला सातवा नंबर त्याला सांगायचा, एवढंच काम, म्हणून मीटरवाल्यांनी वही उघडूनच ठेवली होती.

दहा बावन्नला फोन वाजला. पडद्यावर दवाखान्याचा नंबर होता.

दवाखान्यातून कधी फोन येत नसे. औषध आणायचं असेल तर ते आपण तिथे असतानाच सांगायचे. मीटरवाले फोनकडे बघत राहिले. टाचणी त्यांच्याकडे बघत होती. फोन वाजून वाजून थांबला. त्यांनी त्याचा आवाज बंद केला, तो पिशवीत तळाशी टाकला आणि वहीत लिहिलं, ‘१०:५२. फोन. कुलूप.’

त्यानंतरचं त्यांना धड आठवत नव्हतं. नंबर लागला. कारकून आला. फोटो काढला, अंगठे घेतले. कारकुनाने विचारलं, “काका, यादी एकदा नजरेखालून घालता ना?” मीटरवाल्यांनी मान हलवली आणि प्रत्येक पानाखाली सही करत गेले. अकरा वीसला शिक्का पडला. बाहेर पायरीवर येऊन त्यांनी अकरा चौतीसला दवाखान्यात फोन लावला. नर्सने सांगितलं. मधल्या वेळात मेहुण्याचेही तीन फोन येऊन गेलेले होते. दवाखान्याच्या कागदावर वेळ होती दहा चाळीस.

ते पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. खाटेपाशी मेहुणा बसला होता. त्याने मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी मेहुण्याच्या वकिलाची नोटीस आली. बहीण दहा चाळीसला वारली, सही अकरा वीसला झाली, म्हणजे मुखत्यारी संपल्यावर झाली. विक्री रद्द समजावी, दुकान आमच्या ताब्यात द्यावं. वकीलबाईंनी नोटीस वाचून नाक मुरडलं. माणूस गेल्याचं कळेपर्यंत मुखत्याराने जे केलं ते कायदा धरून चालतो, म्हणाल्या. घेणाऱ्यालाही माहीत नसलं की झालं. तुम्हाला अकरा चौतीसला कळलं. संपला विषय.

विषय संपायला पाच महिने लागले आणि अजून संपला नव्हता. पत्रं गेली, पत्रं आली. शेवटी दोन्ही वकिलांनी म्हटलं, कोर्टात वर्षं जातील, एकदा समोरासमोर बसू.

या पाच महिन्यांत मीटरवाल्यांनी चाकाबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता. यादी बघायला ते विसरले, हे सांगितलं असतं तर कुणीही विचारलं असतं, तुम्ही? लाईटबिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारे तुम्ही, आणि सहीचा कागद न वाचता सही केलीत? तुमचं लक्ष कुठे होतं? त्याला उत्तर एकच होतं. आणि ते उत्तर दिलं की टाचणीचं दुकान गेलं.

बैठकीच्या दिवशी त्यांना उठावंसं वाटेना. हल्ली रोजच वाटत नसे. आंघोळ केली, शर्ट चढवला, वही टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेले, कडी काढली, परत आले आणि वही खिशात घातली. विचार करून केलं असं नाही. खिसा रिकामा लागत होता एवढंच.

वकीलबाईंच्या खोलीत एक लांबट टेबल होतं. एका बाजूला मीटरवाले, टाचणी आणि वकीलबाई. दुसऱ्या बाजूला मेहुणा आणि त्याचा तरुण वकील. मेहुणा पन्नाशीचा, अंगाने सुटलेला, मोठ्या गोदामात हिशोबनीस. डोळे बहिणीचे. त्यामुळे मीटरवाले त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते.

“चहा?” वकीलबाईंनी विचारलं.

“भांडायला आलोय,” मेहुणा म्हणाला. “बिनसाखरेचा चालेल.”

चहा आला. तरुण वकिलाने कागद काढले आणि वेळा वाचून दाखवल्या. मग त्याने विचारलं, “दहा बावन्नला दवाखान्याचा फोन आला होता. तुम्ही तो उचलला नाहीत. का?”

“माझे अशील नोंदणीच्या रांगेत होते,” वकीलबाई म्हणाल्या.

“रांगेत फोन उचलता येतो.”

“उचललाच पाहिजे असा कायदा नाही.”

“दाजी,” मेहुणा मधेच म्हणाला. तो वकिलांशी बोलत नव्हता. “मी तीन फोन केले तुम्हाला. मी ताईजवळ होतो. तिचा हात गार होत होता आणि मी तुम्हाला फोन करत होतो. तुम्ही सह्या करत होतात. कुणासाठी? हिच्यासाठी?” त्याने टाचणीकडे मान उडवली.

“हिच्यासाठी म्हणजे?” टाचणी म्हणाली. “बावीस वर्षं काकूंबरोबर दगड घासलाय मी. तुम्ही वर्षाकाठी एकदा सुरी घेऊन यायचात धार लावायला. पैसेपण नाही द्यायचात.”

“बहिणीचं दुकान होतं ते!”

“म्हणूनच आम्ही मागत नव्हतो.”

“पुरे,” वकीलबाई म्हणाल्या. त्या मीटरवाल्यांकडे वळल्या. आवाज एकदम मऊ केला. “सही करताना तुम्हाला तुमच्या पत्नी वारल्याचं माहीत होतं का?”

एकच वाक्य. मीटरवाल्यांनी तोंड उघडलं. समोर मेहुण्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता, जसा ती धरायची. त्यांना फार थकवा आला. पाच महिने एक कुलूप उराशी धरून हिंडल्याचा थकवा. आठ दिवसांत परत जायचं असतं.

“चाक तुझं आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“तुमच्या बापाचं चाक. ते विकायचं नव्हतं. तुझ्या बहिणीने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं, ते यादीतून काढा, धाकट्याला द्या. मी काढलं नाही. राहून गेलं. मुखत्याराने सांगितलं तेवढंच करायचं असतं, मी सांगितलं त्यापेक्षा जास्त विकलं.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “हा वेगळा मुद्दा आहे. आपण नंतर—”

“वेगळा नाही बाई. तोच आहे.” मीटरवाले आता मेहुण्याच्या डोळ्यांकडे बघत होते. “मी एकतीस वर्षांत न वाचता एक आकडा लिहिला नाही. त्या दिवशी नऊ पानांवर न वाचता सह्या केल्या. कारण फोन वाजून गेला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण कळायचं असं काही बाकीही नव्हतं. म्हटलं, आता यादी वाचत बसलो तर सही होणार नाही माझ्याच्याने.”

तरुण वकील घाईघाईने लिहायला लागला. वकीलबाईंनी कपाळावर हात ठेवला.

“तिनेच सांगितलं होतं, फोन उचलू नका म्हणून,” मीटरवाले म्हणाले. “ते मी अगदी पाळलं. दोन कामं सांगितली होती. जे करायला नको होतं ते केलं आणि जे करायचं ते राहिलं.”

“मीपण बघितलं होतं,” टाचणी म्हणाली.

“अगं तू तरी गप्प बस!” वकीलबाई म्हणाल्या.

“नाही, बघितलं होतं. काकांचा चेहरा बघितला आणि समजले. म्हणायला पाहिजे होतं, काका, चला दवाखान्यात. नाही म्हटलं. मला दुकान हवं होतं.” तिने पदराने नाक पुसलं. “चाकाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या दिवशीच दिलं असतं. मी काय कुणाच्या बापाचं चाक घेऊन बसणारी आहे?”

“शाब्बास,” वकीलबाई म्हणाल्या. “मला इथे कशाला बसवलंय? मी जाते, तुम्ही तिघं बोला.” पण त्या उठल्या नाहीत.

तरुण वकिलाने टोपण लावलं. “साहेब, आता काही राहिलं नाही. दोघांनीही कबूल केलंय. हे लिहून घेतो आणि—”

“थांबा जरा,” मेहुणा म्हणाला. त्याने कप खाली ठेवला. “दाजी, ती काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा.”

मीटरवाल्यांनी वही काढली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पानं उलटताना त्यांना दोनदा बोट ओलं करावं लागलं. मग त्यांनी मीटरचे आकडे वाचून दाखवावेत तसं वाचलं.

“सोमवार. सायंकाळी सहा चाळीस. चाक यादीतून काढणे. धाकट्याला देणे. म्हणाली, लहानपणी फळीवर पाय पोचत नव्हते म्हणून रडायचा. बाबा म्हणायचे मोठा हो मग बस. मग मीच बसले ती उठलेच नाही. आता पोचत असतील म्हणावं.”

खोलीत पंखा फिरत होता. त्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं.

मेहुण्याने वहीसाठी हात पुढे केला. मीटरवाल्यांनी दिली. त्याने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग नजर समोरच्या पानावर गेली आणि तिथेच थांबली. मंगळवारच्या पानावर ती तीन शब्दांची नोंद होती, आणि तिच्यापुढे मोकळी सोडलेली जागा.

“हे कुलूप काय?”

मीटरवाल्यांनी सांगितलं.

“म्हणजे तुम्ही नंतर परत जाऊन लिहायचं होतं.”

“हो.”

“लिहिलं नाही.”

“नाही.”

मेहुण्याने वही मिटली आणि टेबलावरून सरकवून दिली. मग वकिलाला म्हणाला, “लिहा. चाक मला. बाकीच्या विक्रीला माझी हरकत नाही, मी ती मान्य करतो. कागद करा.”

“साहेब, विचार करून बोला. दुकान हातात आलेलं आहे.”

“पाच महिने मला वाटत होतं तिला माझी आठवणसुद्धा झाली नाही,” मेहुणा म्हणाला. “दुकान घेऊन मी काय करू? मला सुरी कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही.” मग तो मीटरवाल्यांकडे वळला, आणि त्याचा आवाज पुन्हा कडक झाला. “पण दाजी, तुमच्याबद्दलचा राग गेला असं समजू नका. घरचं माणूस आजारी असताना फोन आला तर उचलतात. तिने शंभर वेळा नको म्हटलं असतं तरी उचलतात.”

“हो,” मीटरवाले म्हणाले. “माझाही गेलेला नाही.”

कागद व्हायला दोन दिवस लागले. मेहुण्याने विक्री मान्य असल्याची सही केली, टाचणीने चाक दिल्याची. मीटरवाल्यांची सही कशावरच लागली नाही, आणि त्यांना त्यातच बरं वाटलं. आता ते कुणाचाही हात नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा एक छोटा टेम्पो घेऊन दुकानाशी आला. चाक एवढं जड असेल याचा कुणालाच अंदाज नव्हता. लाकडी बैठकीसकट हलवायचं म्हणजे चार माणसं पाहिजेत, आणि इथे टाचणी, मेहुणा, टेम्पोवाला आणि गुडघे दुखणारे मीटरवाले. टाचणीने बैठकीचे खिळे काढायला पकड आणली. खिळे गंजून लाकडात रुतले होते.

“न्हाव्यांच्या कात्र्या कशावर करशील?” मीटरवाल्यांनी तिला हळूच विचारलं.

“हातदगडावर. दिवसाला दहा व्हायच्या त्या तीन होतील.” तिने खांदे उडवले. “दोन न्हाव्यांना आजच सांगितलं. एक म्हणाला, मग मी दुसरीकडे बघतो. बघू दे.”

मेहुणा चाकाभोवती फिरत होता. शेवटी तो इकडे तिकडे बघत, कुणी हसत नाही ना याची खात्री करून, बैठकीवर बसला. पाय फळीवर पोचले. नुसते पोचले नाहीत, गुडघे दगडाला आपटायला लागले. त्याने तंगड्या फाकवल्या आणि फळी दाबली. चाक कुरकुरलं आणि अर्धं फिरून उलटं आलं.

“पुढे दाबायचं आणि लगेच सोडायचं,” टाचणी म्हणाली. “असं धरून नाही ठेवायचं.”

“मला शिकवू नकोस.”

“मग बसा तसेच.”

त्याने पुन्हा दाबलं. या वेळी चाक फिरलं. टाचणीने सवयीने वरच्या डब्याची तोटी सोडली आणि दगडावर पाणी पडायला लागलं. मेहुणा चाकाकडे बघत फळी दाबत राहिला. हातात काही नव्हतं, धार लावायलाही काही नव्हतं. त्याच्या पायघोळ पँटीवर पाण्याची कड उमटली. टेम्पोवाल्याने घड्याळ बघितलं.

मीटरवाले दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांनी वही काढली, मंगळवारचं पान उघडलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. ‘१०:५२. फोन. कुलूप.’ पुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं, ‘१०:४०.’ मग थोडं थांबून, ‘गेली.’

खरा आकडा लिहिला की त्याखाली रेघ मारायची, असा खात्याचा नियम होता. त्यांनी रेघ मारली नाही. वही खिशात ठेवली आणि उठले, कारण तोवर टाचणीने खिळे काढले होते आणि बैठकीचा एक कोपरा कुणीतरी धरायला हवा होता.